लाल बटणावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे, हातात धरून बोलायचा. सध्या पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, खालून तिसऱ्या फळीवर असतो. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी आहे. मला घाई आहे. का, ते शेवटी सांगतो.

माझ्या पोटात सहा मोठे सेल बसतात. मुठीवर दोन बटणं आहेत. वरचं बोलण्याचं, खालचं लाल, सायरनचं. दोन्ही एकाच आकाराची आणि अगदी जवळजवळ. ज्यानं मला आखलं त्याची बोटं बारीक असावीत.

मशिदीत अजान देणारे चाचा माझे धनी. पूर्वी शिंपी होते, त्यामुळे अंगठा जाड आणि निबर. वीज गेली की मी अजानच्या कामाला. एरवी हरवलेल्या किल्ल्या, पाण्याचा टँकर, कुणाच्या मयतीची वेळ. "चाचांचा गळा आणि भोंग्याचं पोट, दोन्ही दणकट!" असं लोक म्हणत आणि मी सुखावत असे.

दुसऱ्या वर्षी लाल बटणाची स्प्रिंग ढिली झाली. दाबलं की दाबलेलंच राही. एकदा टँकरची वेळ सांगताना मी किंचाळलो आणि आग लागली समजून अर्धी गल्ली बाहेर धावली. न्हावी तर गिऱ्हाईक अर्धवट सोडून पळाला. लोक महिनाभर हसले. मग चाचांनी लाल बटणावर जखमेची कापडी पट्टी चिकटवली. सात वर्षं ती तिथेच होती. मळून काळी झाली, पण तिच्या खरखरीतपणावरून चाचांचा अंगठा न बघता वरचं बटण शोधायचा.

मग नगरसेवक भरसभेत म्हणाला, कबरस्तानाच्या जागी गाड्यांचा तळ करणार. "मेलेल्यांना एवढी जागा कशाला? ते काय फिरायला निघतात?" टाळ्या पडल्या. चाची त्याच कबरस्तानात दुसऱ्या ओळीत निजली होती. ठरलं, शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर त्याच्या कचेरीवर जायचं, निवेदन द्यायचं आणि परत यायचं.

त्या सकाळी घरोघर इस्त्र्या चालू होत्या. "अब्बा, फोटोत आपण गुंड दिसायला नको," चाचांची सून म्हणाली. तिनं सदऱ्याची तुटलेली बटणं लावली, चपला पुसल्या आणि मलाही स्पिरिटनं लख्ख केलं. तेव्हाच ती मळकी पट्टी सोलून निघाली. "बघा, कसा नवरदेव दिसतोय!"

"माझी दाढीपण पूस एकदा, बाई," चाचा हसले. चष्मा कपाळावर होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण दुसऱ्याच्या दमाशिवाय मला आवाज नाही.

चारशे माणसं मुकाट चालली. कचेरीच्या कोपऱ्यावर शिरस्त्राणं घातलेली रांग उभी होती. फौजदार पुढे आला. "चाचा, दहा मिनिटं. एक दगड उडाला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"साहेब, खडाही हलणार नाही. आधी सगळ्यांना बसवतो."

त्यांनी मला तोंडाशी धरलं. अंगठा खरखरीतपणा शोधत खाली घसरला आणि मी किंचाळलो. मागच्यांना वाटलं, पोलिसांची गाडी अंगावर आली. ते धावले. पोलिसांच्या रांगेला वाटलं, हा हल्ल्याचा इशाराच. काठ्या उठल्या. कचेरीची काच फुटली. चाचा मला मांडीवर आपटत "बसा, बसा" म्हणत होते, ते माझ्यामुळेच कुणाला ऐकू गेलं नाही. सुनेचं मनगट त्या चेंगराचेंगरीत मोडलं.

आता चाचा तुरुंगात आहेत. भोंग्यानं इशारा देऊन दंगल घडवली, असा आरोप आहे. सुनेनं वकिलाला स्प्रिंगचं सांगितलं. वकील म्हणाला, "न्यायाधीशांसमोर बटण दाबून दाखवू. अडकलेलं दिसलं की झालं. आपल्याकडे दुसरं काही नाही." तारीख दोनदा पुढे गेली.

आणि माझ्या पोटातले सेल कुणी काढलेच नाहीत. एक फुगून फुटला आहे. त्याचा द्राव जिथे लागतो तिथला धातू खातो आणि मागे पांढरी भुकटी ठेवतो. काल हवालदारानं मला उचललं, "काय चिकट लागतंय रे हे," म्हणून बोटं विजारीला पुसली आणि परत ठेवलं. लाल बटणाची स्प्रिंग आणि तिच्याखालचा तारेचा जोड गेला, तर नवे सेल घालून मला दाबलं काय अन् न दाबलं काय, मी गप्पच.

मित्रांनो, वस्तू ठेवून देताना आधी तिचे सेल काढा. आणि कुठलीही मळकी पट्टी सोलण्यापूर्वी ती कुणी, का लावली होती, ते विचारा.

भुकटी स्प्रिंगपासून एक बोटभर दूर आहे. तारखेला एकवीस दिवस आहेत.