टोपडे घातलेले खापर

बालमित्रांनो, आधी सरळ बसा. मी एक जुने खापर आहे आणि माझ्यापुढे कोणी वाकडे बसलेले मला खपत नाही. मातीचे असले तरी मी घागर नव्हे, कुंडी नव्हे. चुलीवर पालथे बसून, पाठीवर मांडे भाजून घेणारे मी खानदेशी खापर. दुसऱ्याच्या माथी माझे नाव फोडायची जी रीत लोकांनी पाडली आहे, तिचा मी येथे निषेध नोंदवते आणि पुढे जाते.

माझा जन्म शिंदखेड्याकडच्या एका कुंभाराच्या आव्यात झाला. मालतीबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने मला गोधडीत बांधून रुखवतासोबत दिले. मालतीबाईंचे पती हेमराज सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला लागले, तशी मीही आगगाडीने सुरतेला आले. भेस्तानच्या एका खोलीत आम्ही संसार थाटला.

माझ्या उमेदीच्या काळाविषयी मी फार बोलणार नाही. थोडेच बोलते. मालतीबाई पुरणाचा उंडा दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत झेलत झेलत धोतराएवढा पातळ करीत आणि एका फटक्यात माझ्या पाठीवर टाकीत. माझ्या पाठीवर मांडा कधी फाटला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आळीतल्या बायका मला मागायला येत. मालतीबाई दारातूनच सांगत, "मांडे हवे तितके न्या. खापर जागचं हलणार नाही."

पुढे घरमालकाने चुलीचा धूर बंद केला. घरात गॅस आला, आणि मला पाण्याच्या टाकीमागे ठेवण्यात आले. माझे बूड गोल. नुसत्या फरशीवर मी डुगडुगते, म्हणून एका बाजूला अर्धी वीट लावली होती. चार वर्षे मी त्या अर्ध्या विटेला टेकून काढली. एक पाल माझ्यात संसार करून गेली. त्याविषयी अधिक विचारू नका.

गेल्या भाद्रपदात हेमराज वारले. यंदाची आखाजी त्यांच्या नावाची पहिली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने बाहेरच्या एकाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्यालाच पितर म्हणतात. तो जेवल्याशिवाय घरात कोणी तोंडात घास घालत नाही. हेमराजांना मांडे आवडत, तेव्हा पितराच्या ताटात मांडेच हवेत, असे मालतीबाईंनी ठरवले. मुलगा गजेंद्र आणि सून हर्षदा कोसाडच्या वसाहतीत राहतात. तेथे गच्चीवर चूल मांडता येते. बारा वाजेपर्यंत मला धडधाकट कोसाडला पोहोचवायचे होते.

मालतीबाईंनी मला घासले, पुसले, गोधडीत गुंडाळले. माझ्या काठाचा टवका उडू नये म्हणून हाताला लागले ते त्यांनी वर बांधले. ते होते नातवाचे लाल टोपडे, कानाशी लोकरीचे गोंडे असलेले. येथून पुढे जे घडले, त्याला ते टोपडे जबाबदार आहे.

स्टेशनवर आम्ही बस बदलली. बस खच्चून भरलेली. कंडक्टरने मालतीबाईंच्या कडेवर मला पाहिले आणि लहान लेकरू समजून, बाईंना बसू द्या म्हणून गुजरातीत हाक दिली, "अरे, बाने बेसवा दो. नानुं छोकरुं छे."

मालतीबाई आयुष्यात खोटे बोललेल्या नाहीत. तेव्हाही बोलल्या नाहीत. त्या काहीच बोलल्या नाहीत.

समोरच्या सीटवर एक आडदांड मनुष्य पाय पसरून पेंगत होता. वाकड्या मिशा, खांद्यावर कापडाची मळकट चुंबळ. पर्वत पाटियाच्या बाजारात कापडाच्या गाठी वाहणारा हमाल असावा. आमच्यापुढेच त्याने दोघांना जागा नाकारली होती. एका आजोबांना तर तो म्हणाला होता, "रातभर गाठी वाह्यल्या, काका. आता उठलो तर इथंच पडीन." त्याने एक डोळा उघडला. टोपडे पाहिले. आणि तो उठला. सबंध बस चकित झाली. मीही.

"बसा, माय," तो म्हणाला, आणि दांडा धरून आमच्यावर छत्रीसारखा उभा राहिला.

बस जेमतेम सुटली तोच गजेंद्रचा फोन आला. मालतीबाई फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलतात, त्यामुळे सगळ्या बसला सगळे ऐकू आले.

"आई, घोटाळा झाला. पाटावर बसणार होते ते उखाकाका काल रात्रीच गावी गेले."

"मग पितर कोण बसेल?"

"सगळी आळी गावी गेली. जे राहिलेत, ते कोणाकोणाचे पितर झालेत. चिंधाकाका सकाळपासून तीन घरी जेवले. चौथ्या घरी पाटावर बसले, ते आता उठत नाहीत."

"शोध. बारा वाजता पाट रिकामा दिसला, तर तुझ्या वडिलांना तू तोंड दाखव. मी नाही दाखवणार."

त्यांनी फोन ठेवला आणि मला घट्ट धरले. किती घट्ट, हे फक्त मला ठाऊक आहे.

शेजारी उषाबाई नावाच्या एक बाई बसल्या होत्या. स्वतःचे नाव, गाव आणि गुडघ्याचे दुखणे त्यांनी दोन थांब्यांतच सांगून टाकले होते. आता त्या माझ्याकडे वळल्या.

"किती महिन्यांचं आहे?"

"महिने मोजायचं मी केव्हाच सोडलं," मालतीबाई म्हणाल्या.

"रडत नाही अजिबात."

"चांगल्या घरचं आहे."

"वरचं दूध देता का?"

"तेल आणि मिठाचं पाणी. तेवढंच सोसतं त्याला."

उषाबाईंचे डोळे विस्फारले. मित्रांनो, यातले एकही उत्तर खोटे नाही. नवे खापर तेल आणि मिठाच्या पाण्यानेच मुरवतात. पण उषाबाईंना लेकराची काळजी वाटू लागली. "अहो, एवढ्या उन्हाचं गुदमरेल ते. बघू तरी तोंड," असे म्हणून त्यांनी टोपड्याच्या गाठीला हात घातला.

माझा काळा काठ त्या बसला दिसला असता, तर मालतीबाईंची चाळीस वर्षांची मान एका क्षणात खाली गेली असती. त्यांनी डोळे मिटले.

"ओ बाई," वरून आवाज आला. तो हमाल होता. "हात मागं घ्या. पोट्टं झोपलं हाय."

"मी फक्त तोंड..."

"आमच्याकडं झोपलेल्या पोट्ट्याचं तोंड उघडत नाहीत. दृष्ट लागते. तुमच्या गुडघ्याचं सांगा. पुढं काय झालं?"

उषाबाईंनी गुडघ्याचे सांगायला घेतले. कतारगाम आले. हमालाने एकदा दाराकडे, एकदा उषाबाईंच्या हाताकडे पाहिले आणि तो जागचा हलला नाही. तापीचा पूल ओलांडेपर्यंत तो ते दुखणे मान डोलावत ऐकत होता. एवढा भार त्याने बाजारातही वाहिला नसेल.

अमरोलीला बसने मोठा उसासा टाकला आणि ती बंद पडली. सर्वांना उतरवण्यात आले. अकरा वाजून गेलेले. ऊन मी म्हणत होते. रिक्षा भरभरून निघून जात होत्या. मालतीबाई मला घेऊन चार पावले चालल्या आणि थांबल्या. मी जड आहे, हे मी मान्य करते.

"आणा इकडं," मागून हमाल म्हणाला. त्याने डोक्यावर चुंबळ ठेवली.

मालतीबाईंनी मान ताठ केली. "थांब, भो. आधी ऐक. हे लेकरू नाही. खापर आहे. मी कोणाला खोटं सांगितलं नाही, पण खरंही सांगितलं नाही. तुझी जागा मी फुकट खाल्ली."

तो हसला. "मले ठाऊक हाय, माय."

"केव्हापासून?"

"तुम्ही बसल्या तेव्हापासून. लेकराला चुलीच्या धुराचा वास येत नाही. आन् वजन कोण्या बाजूनं कसं झुकते, ते आम्हाले न सांगता समजते. माझी मावशी मडक्यावर हातभर पोळ्या टाकायची."

"मग उठलास कशाला?"

"टोपडं पाहून उठलो. मग खापर हाय म्हणून परत बसू काय? आन् त्या बाईनं ते उघडलं असतं, तर लोक हसले असते तुम्हाले."

"तुला उतरायचं कुठे होतं?"

त्याने मिशीला हात लावला. "कतारगामले," तो म्हणाला.

मालतीबाईंनी पदर खोचला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने मला उचलून त्याच्या डोक्यावर ठेवले. चाळीस वर्षांत परक्याला माझा काठ धरू न देणाऱ्या बाईने! चुंबळीवर माझे गोल बूड असे काही बसले की मला अर्ध्या विटेचा राग आला.

"नाव काय तुझं?"

"दत्तू."

"सकाळपासून काही खाल्लंस?"

"चहा घेतला."

"मग आता काही खाऊ नकोस," मालतीबाईंनी हुकूम सोडला. "चल पुढे."

पावणेबाराला आम्ही कोसाडला पोहोचलो. हर्षदाने चूल पेटवून, पुरण वाटून तयार ठेवले होते. गजेंद्र खाली तोंड करून उभा होता. "आई, कोणीच मिळालं नाही."

"तू आळीत शोधत होतास," मालतीबाई म्हणाल्या. "मी बसमधून आणला."

पाय धुऊन दत्तूला पाटावर बसवले. चार वर्षांनी तापलेल्या माझ्या पाठीवर पहिला मांडा पडला आणि फाटला नाही, हे नम्रपणे नमूद करते. दत्तूने सात मांडे खाल्ले. आमरसाच्या वाट्या मी मोजल्या नाहीत. सातव्या मांड्यावर तूप वाढताना मालतीबाई हळूच म्हणाल्या, "तेही सातच खायचे." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला. चुलीचा धूर त्या दिवशी फारसा नव्हता.

निघताना दत्तू चुंबळ घ्यायला वळला. मी तिच्यावर बसले होते. तो म्हणाला, "राहू द्या. मी दुसरी करीन. खापर हिच्यावर बरं बसते." मालतीबाईंनी उत्तर दिले, "राहू दे. पण पुढच्या आखाजीला ती न्यायला यायचं. तेव्हाही मी देणार नाही, आणि जेवून परत जायचं."

तेव्हापासून मी हर्षदाच्या माळ्यावर, दत्तूच्या चुंबळीवर, लाल टोपडे घालून बसते. अजिबात डुगडुगत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी अर्ध्या विटेला टेकून बसले असेल. त्याच्या बुडाखाली काहीतरी मऊ ठेवा. आणि बसमध्ये एखादी बाई गाठोडे छातीशी धरून उभी दिसली, तर उठून तिला जागा द्या. आत काय आहे, ते विचारू नका.