कॉलरवालीचा वाटा

शर्टांच्या कॉलरी शिवून शिवून कॉलरवालीची मान पार कामातून गेली होती. त्यामुळे मालकीणबाईंनी जेव्हा जाहीर केलं की आता परदेशी गिऱ्हाइकं येणार, सुपरवायझरला इंग्रजी यायला हवं आणि परीक्षेत जी टिकेल तिला खिडकीजवळची खुर्ची मिळेल, तेव्हा तिचा जीव त्या खुर्चीत अडकला. खुर्चीला चांगली उंच पाठ होती, मान टेकता येण्याजोगी. अडचण एवढीच, की अभ्यास म्हटला की हिच्या अंगावर काटा यायचा.

संध्याकाळी शिकवायला मास्तरीणबाई येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर शब्दांच्या आठ जाती लिहिल्या. नाऊन, प्रोनाऊन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन. शिलाईच्या टेबलावरही नेमक्या आठ जणी. कॉलरवालीच्या डोक्यात लगेच किडा वळवळला.

"अगं, अख्खा शर्ट आपण कधी एकटीनं शिवतो का? कफ तुझे, काजं हिची. मग हे ओझं तरी एकटीनं का ओढायचं? एकेक जात वाटून घेऊ!"

सगळ्यांना पटलं. जोडायचंच तर आहे, म्हणून बटणवालीनं कंजंक्शन उचललं. काजवालीकडे ॲडजेक्टिव्ह गेलं. कफवाली म्हणजे कॉलरवालीची नणंद. तिला कामाची भारी हौस, म्हणून व्हर्ब तिच्या गळ्यात पडलं. आनंद, दुःख, आश्चर्य वाटलं की तोंडातून निघतं ते इंटरजेक्शन, आणि ते वाक्यात क्वचितच येतं, असं मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं. "ते उरलंसुरलं मला चालेल," असं कॉलरवाली मोठ्या मनानं म्हणाली आणि पुढचे सगळे वर्ग तिनं डुलक्या काढत पार पाडले.

"वहिनी, घोरणं कुठल्या जातीत बसतं गं?" नणंद विचारायची.

परीक्षेच्या दिवशी मालकीणबाई स्वतः आल्या. त्यांनी कफवालीला ॲडजेक्टिव्ह विचारलं.

"ते माझं खातं नाही. काजवालीला विचारा."

काजवालीला व्हर्ब विचारलं, तर तिनं कफवालीकडे बोट दाखवलं. मास्तरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्ची हातची जाताना दिसली तशी कॉलरवाली ताडकन उठली.

"बाई, आमचा माल लाइनीवरच तयार होतो. तुम्ही वाक्य टेबलावर सोडून तर बघा!"

मालकीणबाईंनी कागदावर लिहिलं, 'द ओल्ड टेलर सोज शर्ट्स अँड शी सिंग्ज लाउडली इन द शॉप.' कागद हातोहात सरकू लागला. जी ती आपापल्या शब्दाखाली शिलाईच्या खडूनं खूण करून त्याची जात लिहीत होती. 'द'पाशी जरा घोळ झाला. "ही चिंधी कोणाची?" बटणवालीनं विचारलं. "माझ्याकडे टाक," काजवाली म्हणाली. कागद शेवटच्या जागी, कॉलरवालीकडे पोहोचला तेव्हा एकही शब्द उरला नव्हता. तिनं तो उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"सगळं बिनचूक आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "पण यात तुमचं काय?"

"माझा माल आज आलाच नाही, बाई."

नणंदेला आता राहवेना. "वाटणी हिनंच केली, आणि सगळ्यांत हलकं तेवढं नेमकं हिनंच घेतलं! आम्ही राबलो, ही झोपली!"

कॉलरवालीचे कान गरम झाले. तिला खरोखरच लाज वाटली. आता उरलेला जन्म कॉलरीच शिवायच्या, हेही तिनं मनाशी धरलं.

मालकीणबाई मात्र हसत सुटल्या. "स्वतः काडी हलवायची नाही आणि सात जणींकडून चोख काम करून घ्यायचं! मागच्या सुपरवायझरला यातलं पहिलंच जमायचं. जा, बसा खुर्चीत."

सातही जणींचा आ वासलेला राहिला. मग कफवालीच्या तोंडून मास्तरीणबाईंनी शिकवलेलंच काहीतरी निसटलं आणि बाकीच्यांनी तिच्या सुरात सूर मिसळला.

"ओ नो!"

कॉलरवालीनं खुर्चीत मान मागे टेकली, सुखानं डोळे मिटले आणि हातातला खडू उंचावला.

"इंटरजेक्शन!"