माद्यांना कोण खाऊ घालतं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी कबूल करते. पण त्या उंदरांच्या बाबतीत कुणालाही संशय आला असता.

पीएचडीसाठी नागपूरहून बनारसला आले, त्याला तीन वर्षं झाली. प्रयोग साधा होता. वीस नर, वीस माद्या. चोवीस तास सगळ्यांना नुसत्या पाण्यावर ठेवायचं आणि मग रक्त तपासायचं. भुकेच्या ताणाने रोगाशी लढणाऱ्या पेशी किती कमी होतात, ते बघायचं. नरांच्या पेशी धडाधड घसरल्या, माद्यांच्या जेमतेम. सहा महिन्यांत पाच वेळा केलं आणि पाचही वेळा तेच.

आमच्या मार्गदर्शक सरांनी आकडे बघून चष्मा काढला. "इतका फरक? ऋता, माद्यांना कुणीतरी खाऊ घालतंय. आधी ते शोध, मग प्रबंधाचं बघू."

खाऊ घालणार कोण? उंदीरघराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी वेणीमाधवकाकांकडे. काका ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी घरातले. पिंजरे साफ करता करता उंदरांची विचारपूस करायचे. असल्या मऊ माणसाला उपाशी माद्या बघवत नसणार, हे मी ठरवूनच टाकलं. त्यात एके दिवशी फरशीवर चण्याची सालं सापडली. पाणी कुठं मुरतंय, ते कळलं.

"काका, इथे चणे कोण खातं हो?"

"मीच की," काका दुसरीकडे बघत म्हणाले. त्यांच्या तोंडात दात उरले होते चार.

पुढच्या उपासाच्या दिवशी मी तासभर आधी पोचले आणि दाराच्या काचेतून बघत राहिले. काकांनी सदऱ्याच्या खिशातून मूठ काढली, वाकले आणि एकेक पिंजरा उघडून दाणे टाकू लागले. चोर मुद्देमालासकट सापडला म्हणून मी आत घुसले, आणि थबकले. ते नरांचे पिंजरे होते.

काका दचकले. "ताई, माफ करा. पण हे बिचारे फार परेशान होतात हो. जाळी चावतात, एकमेकांना ओरबाडतात. दोन-दोनच दाणे देतो."

"नरांना?"

"मग कुणाला?"

"माद्यांना नाही दिलेत कधी?"

त्यांना प्रश्नच कळेना. "त्यांना कशाला? माझी बायको शरदिनी महिन्यातून आठ उपास करते, वर घरादाराचा खाना बनवते. बायकांना आदत असते, ताई."

मी स्टुलावर बसले. पाचही प्रयोग वाया गेले होते. सरांना सांगावं लागणार होतं, सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. आणि फरक तर खराच होता. नर खाऊन ढासळले होते, माद्या न खाता टिकल्या होत्या.

काकांचा राग यायला हवा होता. आला माझा स्वतःचा, आणि लाजही वाटली. काकांना निदान ठाऊक होतं की माद्या उपाशी आहेत. मी बाई असून, माद्यांनी तग धरलेला दिसला तेव्हा मलाही एवढंच पटलं, की कुणीतरी चोरून खाऊ घातलं असेल.