आवळेवस्तीची पहिली सभा

कवठे येमाईच्या शेजारची आवळेवस्ती यंदा त्या गावापासून फुटून स्वतंत्र ग्रामपंचायत झाली. त्यासाठी वस्तीतल्या हौसरावांनी पुण्या-मुंबईला खेटे घालून चपला झिजवल्या. सरपंचपद मात्र महिलेसाठी राखीव निघालं आणि खुर्चीत बसली त्यांची चुलत सून मुक्ताबाई.

पहिली ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरली. हौसराव फेटा बांधून भाषणाला उभे राहिले. "आजपासून आपलं राज्य आपल्या हातात..."

"थ्री फेज लाईट आली!" मागून कुणीतरी ओरडलं.

निम्मा मंडप विहिरीवरच्या मोटारी चालू करायला पळाला. कांदा, शेवंती, सगळंच पाण्यावाचून सुकत होतं.

ग्रामसेविका अनिता मॅडमनी उरलेली डोकी मोजली. "गणपूर्ती नाही. सभा तहकूब करावी लागेल."

"पहिलीच सभा तहकूब?" हौसराव कळवळले. "कवठ्याची माणसं दात काढत्याल!"

मुक्ताबाईनं नुसतं स्वागताचं भाषण तेवढं पाठ केलं होतं. इतक्यात मळ्याकडून धडाम् आवाज आला. सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या होत्या आणि विजेची डीपी उडाली होती. बघता बघता पळालेली सगळी माणसं डीपीभोवती जमून वायरमनचा उद्धार करू लागली. वायरमन फोन उचलत नव्हता.

मुक्ताबाई उठली. "मॅडम, रजिस्टर घ्या. सभा तिकडं न्यायची."

"असं चालतं का?" हौसरावांनी मॅडमकडं पाहिलं.

"जागा गावाच्या हद्दीतलीच आहे. बॅटरीच्या माईकवरून पुकारा करा, म्हणजे झालं."

पुकारा झाला. बायका सतरंज्या आणि माईक घेऊन बांधाबांधानं निघाल्या. डीपीपासून लांब, कडुलिंबाखाली सभा बसली. माणसं मोजता मोजता मॅडम हसल्या. गणपूर्ती कधीच झाली होती.

पाठ केलेलं स्वागत मुक्ताबाईला आठवेना. ती म्हणाली, "ठराव पयला. नवी डीपी पायजे. अनुमोदन कोण देतंय?"

सगळ्यात आधी हात वर गेला हौसरावांचा. त्यांचीही मोटार बंदच होती.

दुसरा विषय निघाला, ग्रामपंचायतीचं ऑफिस कुठं बांधायचं. वरची आळी आणि खालची आळी एकमेकांच्या अंगावर धावली. हौसराव घाबरून म्हणाले, "सूनबाई, बंद कर सभा!"

"बंद कशापायी, आबा?" मुक्ताबाईनं माईक ओढून घेतला. "ओ मंडळी, भांडा की! पर खाली बसून भांडा, मॅडमला लिवून घ्यायचंय."