काटा तीसवरच

मी आटगावची भाविका. डिप्लोमा करून शहापूरजवळच्या हायड्रोजन प्लांटवर शिफ्ट सांभाळते. इथं आमी सोलरच्या विजेनं पाणी फोडतो. एकीकडं हायड्रोजन, दुसरीकडं ऑक्सिजन, मधी पातळ पडदा. हायड्रोजनचा दाब तीस बार. दाब तसाच ठेवला नि सोलरची वीज घटली, की ऑक्सिजन कमी बनतो, हायड्रोजन मात्र पडद्यातून पलीकडं झिरपतच राहतो. मग स्फोटाला एक ठिणगी पुरे.

त्या दिवशी नेमकं आभाळ भरलं. सोलरची वीज घटली नि अलार्म ओरडला. ऑक्सिजनात हायड्रोजन दीड टक्का! दोनवर मशीन आपोआप बंद पडतं.

प्लांटचे प्रमुख दातार साहेब धावत आले. "अलार्म बायपास कर, मशीन बंद पडायला नको. प्लांट बघायला पाहुणे गेटवर आलेत, काटा तीसवरच पाहिजे."

"दाब दहावर आणू या, साहेब."

"दहा दाखवून नाक कापून घेऊ? तासाभराचा प्रश्न आहे. बायपासची चावी दे."

"नाय देत."

"नोकरी नकोय वाटतं?"

नोकरी हवीच होती, खोटं कशाला बोलू? पण डोकं सणकलं. ह्याच माणसानं मला हे सगळं शिकवलं! झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला काय उठवणार, कपाळ?

काचेतून गेट दिसत होतं. गावच्या बाया हार घेऊन उभ्या, त्यात माझी आई. शेजारी साहेबांची मुलगी रुचिता फोटो काढत होती. सगळी मंडळी आता इथंच आत येणार होती.

"बरं, देते चावी," मी म्हटलं. साहेबांनी हात पुढं केला. "पण आधी रुचिताला बोलवा. इथं, मशीनला खेटून उभी करा. माझ्या आईला मी बोलवते. मग चावी फिरवा."

साहेबांनी बाहेर पाहिलं. हात खाली गेला. "तोंड फार सुटलंय तुझं," ते पुटपुटले.

सुटू दे. मी दाब उतरवायला घेतला. छपरावरच्या नळीतून गॅस सुसाटत बाहेर गेला, काटा दहावर आला, टक्का घसरला, अलार्म गप्प झाला.

पाहुणे आत आले. मोठ्या पाहुण्यांनी चष्मा लावला. "तीस म्हणाला होतात ना हो, दातार? हे तर दहाच!"

मागं आई नि बायाही येऊन उभ्या राहिल्या.

"मी उतरवला," मी म्हटलं. "ऊन पडल्याशिवाय चढवणार नाय. आणि साहेब, मला काढायचं असंल तर आत्ता काढा, ह्या सगळ्यांसमोर. कशासाठी काढलं तेही सांगा."