मशीनच्या सात ओळी

मी गोधडी बोलतेय. पूर्ण नाही हां, पाऊणच. आणि माझी वाट लागली ती एका पैजेनं.

"रोज टाक्यांच्या तीन ओळी घालशील? तू? सुई धरता येते का आधी?" रेवा चारुलताला म्हणाली. आणि ही बावळट म्हणाली, "लागली पैज!" शर्टाचं बटण लावायलासुद्धा वॉचमनच्या बायकोकडे जाणारी बाई ही!

पण आधी माझा जन्म ऐका. चेन्नईतलं वेलचेरी, २००६. तळमजल्यावर राजसबाई, तंजावरच्या मराठी, डोळ्यांनी अधू. पोंगलला मुलगा त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंबत्तूरला, कायमचं राहायला नेणार होता. वरच्या मजल्यांवर पुण्या-नाशकाहून नोकरीला आलेल्या रेवा, चारुलता आणि इरा. राजसबाईंनी आपल्या जुन्या साड्या काढून दिल्या.

"तिथं मजसंग मराठी कोण बोलणार? तुम्ही हातानं टाके घाला. मी बोटं फिरवून एकेकीला वळखीन."

पहिले रविवार म्हणजे नुसता धिंगाणा! अंगावर मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकलीचा चुरा, हरवलेली सुई, ऑफिसातल्या साहेबाच्या नकला. इराचे टाके टोळाच्या उड्यांसारखे. राजसबाई बोट फिरवून म्हणायच्या, "ही इरा. नीट चालतच नाही!" इरा खो खो हसायची, मला गुदगुल्या व्हायच्या.

मग ती पैज लागली. रेवानं ऑफिसातल्यासारखा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. मी पिशवीतून पाळीपाळीनं, एकेकीकडे दोन-दोन दिवस, घरोघर फिरू लागले. रविवारी बोलणं एकच, "किती ओळी? तू मागे का?"

चारुलतानं तर दोरा ओवलाच नाही. तिचे दोन दिवस संपता संपता मला ऑफिसजवळच्या राममूर्ती टेलरकडे टाकलं. आठ मिनिटांत सात ओळी, पैजेपेक्षा एक जास्तच, टकटकटकटक! ओरडता आलं असतं ना, तर अख्खी गल्ली गोळा केली असती मी. मग पिशवीला गाठ मारून मला इराकडे दिलं. इराला ताप होता, तिनं गाठ सोडलीसुद्धा नाही.

रविवारी राजसबाईंचं बोट थांबलं.

"हे हातचं नव्हे. कोण केली हे?"

"इरा, तुझ्याकडूनच आली ना ही?" रेवा म्हणाली.

"अगं, मी पिशवीच उघडली नाही!"

"मग काय, भुतानं शिवलं?"

चारुलता मुरुक्कू खात होती. खातच राहिली. इरा उठली, चप्पल घातली, गेली. महिनाअखेरीस हैदराबादची बदली घेतली, कुणाला न सांगता. तिचा नंबरही बंद. रेवालाही मग रविवारी काम निघायला लागलं.

मिळून गोधडी शिवणाऱ्यांनो, पाया पडते, टाके मोजू नका. दोन ओळी कमी पडल्या तर थंडी वाजेल म्हणता? चेन्नईत थंडी असते तरी कुठं!

काल राजसबाईंचं सामान न्यायला गेटात टेम्पो आला. चारुलता कात्री घेऊन मशीनची शिवण उसवायला बसली. दोरा ओढला की साडीच फाटत होती.

"राहू दे गं," राजसबाई म्हणाल्या. "आणि इरा कधी भेटली तर सांग, मज तिजवर राग नाही."

चारुलतानं कात्री खाली ठेवली.

"इरानं नाही केलं, राजसबाई. मी दिली होती टेलरला. मी."