गिताबाईंची गल्ली

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांची मला आता सवय झाली आहे. मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला उजव्या कोपऱ्यापासून आडवा तडा गेलेला आहे. पाठीचं झाकण निघू नये म्हणून मला रबरबँड लावलेलं आहे, आणि चार्जरची पिन जरा डावीकडे कलती धरली तरच माझ्या पोटात काही जातं. पण मी जेवढा शेजार अनुभवला, तेवढा तुमच्या त्या चकचकीत मोबाइलांनी स्वप्नातही पाहिला नसेल. तीच हकिकत आज सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, पांढरे हातमोजे तेवढे आठवतात. पुढे शिक्रापूरला हायवेलगतच्या एका दुकानात मी काचेच्या कपाटात दोन महिने बसून होतो. समोरून ट्रक गेले, की कुणाचा फोन आलेला नसतानाही आम्ही सगळे थरथरायचो. एके दिवशी विक्रम आला. तो रांजणगावच्या एमआयडीसीत नुकताच कामाला लागला होता. त्याने मला कारेगावच्या खोलीवर नेलं, आणि त्या वर्षी दसऱ्याला आपल्या मोटरसायकलशेजारी मांडून माझ्यावर झेंडूचं फूल वाहिलं. इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

चार वर्षं मी विक्रमला शिफ्टसाठी उठवलं, त्याला गाणी ऐकवली, त्याच्या आईशी बोलायला लावलं. काचेचा तडाही तेव्हाचाच, एका स्पीडब्रेकरवर त्याच्या खिशातून उडालो तेव्हाचा. कारेगावात सर्जेराव आप्पांच्या बारा खोल्या होत्या. समोरासमोर सहा-सहा, मध्ये गल्ली. त्या गल्लीचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता आणि आप्पा त्याचे अॅडमिन होते. रोज सकाळी सहाला ते पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवत आणि लिहीत, ‘पाणी आलं. भरून घ्या.’ मग सगळी गल्ली माझ्यात जागी व्हायची.

‘सम्राट, गाडी आडवी लावलीय. काढ.’

‘काढतो की. चा तरी पिऊ द्या.’

‘मग गाडीवर बसूनच पी. म्हंजी सरकंल तरी.’

विक्रम यातलं काही वाचत नसे. त्याने ग्रुपचा आवाज बंद करून टाकला होता. पुढे त्याला चाकणला नोकरी लागली, नवा मोबाइल आला, नवा नंबर आला, आणि माझी रवानगी कपाटात, जुन्या मोज्यांखाली झाली. तीन महिने मी तिथे होतो. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही. मोज्यांबद्दल तर नाहीच.

दिवाळीला तो घरी गेला तेव्हा त्याने मला आईच्या हातात ठेवलं. ‘‘आई, हे घे. सिम बी आतच हाय. सगळा आवाज चालू केलाय. हिरवं दाबलं की माझ्याशी बोलायचं,’’ एवढं सांगून तो एसटी गाठायला पळाला. माझ्यावर त्याचंच नाव होतं, त्याचाच फोटो होता, आणि कारेगावच्या गल्लीचा ग्रुपही तसाच होता. पाच मिनिटं बसून ते बदलावं, एवढा वेळ त्याला नव्हता.

विक्रमची आई म्हणजे गिताबाई. यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. आबांचं, म्हणजे गिताबाईंच्या नवऱ्याचं, निम्मं आयुष्य मेंढरांमागे मुक्काम हलवण्यात गेलं. मग पाटसच्या पुढे साखर कारखान्याच्या रस्त्याला जमीन झाली, ऊस आला, आणि रानात एकटं घर उभं राहिलं. ऊस वाढला की त्या घरातून दुसरं घर दिसत नाही. आबा उरलेली बारा मेंढरं घेऊन सकाळी निघत, दिवस मावळताना परतत, आणि जेवताना दोन-चार शब्द बोलत. तेवढ्यावर गिताबाईंनी दिवस काढायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्यांच्या हातात टुणकन वाजलो. गिताबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं, ‘पाणी आलं. भरून घ्या.’ आणि त्या बिचाऱ्या कळशी घेऊन अंगणात गेल्या! तिथे बोअरचा कोरडा पाइप. परत येऊन त्यांनी मला उलटा-सुलटा करून पाहिलं. मला हसू आवरत नव्हतं, पण आमच्या जातीला हसायची सोय नाही.

हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की ही कुठली तरी गल्ली आहे आणि तिथे माणसं आहेत, भरपूर आहेत. त्या भाजी निवडताना मला समोर पाट्यावर टेकवून ठेवू लागल्या. चार नंबरची सुलक्षणा लग्न होऊन नवीच आलेली, कंपनीत पॅकिंगला जाते. सात नंबरची समृद्धी दोरीवरचे कपडे दिवसभर काढत नाही. सम्राटची गाडी कायम आडवी असते. आप्पांच्या घरच्या झुंबरबाईंचे गुडघे दुखतात. कधीही न पाहिलेल्या त्या बारा दारांची गिताबाईंना बारकाईने माहिती झाली. संध्याकाळी त्या आबांना सांगायच्या, ‘‘आज समराटनं गाडी येळंवर काढली बरं का.’’ आबा भाकरी मोडत विचारायचे, ‘‘कोन समराट?’’

इथवर सगळं ठीक होतं. पण गिताबाईंना एक वळण होतं. मुक्कामावर चार कुटुंबं शेजारी उतरत, तेव्हा एकीकडून कालवणाची वाटी आली तर ती कधी रिकामी परत जात नसे. काही नसलं तर चिमूटभर मीठ, नाहीतर एखादी मिरची, पण वाटीत काहीतरी घालूनच द्यायची. ग्रुपवर येणारा प्रत्येक मेसेज गिताबाईंना अशीच एक वाटी वाटे. मग तो रिकामा कसा ठेवायचा? त्यांनी माझ्यातलं गुलाबाचं फूल शोधून काढलं आणि प्रत्येक मेसेजला एक गुलाब द्यायला सुरुवात केली. ‘पाणी आलं’ला गुलाब. ‘गॅस संपला’लाही गुलाब. ‘मोटर जळाली, आज पाणी नाही’ याला तर दोन गुलाब, कारण बातमी मोठी होती. आणि हे सगळे गुलाब तिकडे ‘विक्रम’च्या नावाने फुलत होते.

‘विक्रमदादाला झालंय काय?’

‘चाकणला फुलांचा धंदा टाकला वाटतं.’

गिताबाईंनी या दोन्ही मेसेजना गुलाब दिला.

एकदा सुलक्षणाने लिहिलं, ‘ज्वारीची भाकरी थापताना तुटते. कुणी सांगेल का?’ कुणी काही बोलेना. गिताबाईंनी अर्धा तास खपून एका बोटाने लिहिलं, ‘पाणी कडकडीत घे. पीठ ताज पाहिजे. मळ मळ मळ.’ झालं! गल्ली हसून लोटपोट. ‘विक्रमदादा भाकरी शिकवतोय!’ ‘दादा, चाकणला खानावळीत लागलास का?’ पण तासाभराने सुलक्षणाचा फोटो आला. पूर्ण गोल भाकरी, आणि खाली ‘दादा, जमली!’ गिताबाईंनी तो फोटो आबांना दाखवला, दुसऱ्या दिवशी दूधवाल्यालाही दाखवला.

ही गंमत एका जुन्या मित्राने विक्रमच्या कानावर घातली. रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

‘‘आई, त्या ग्रुपातनं भाईर पड. माझ्या नावानं लोक हसत्यात.’’

‘‘हसू दे की. चांगली माणसं हायत.’’

‘‘तू कुठं ऱ्हातीस तिथं? आप्पा बी यादी करत्यात. कोण तरी उपरा रमीच्या जाहिराती टाकतोय, म्हणून जे गल्लीत ऱ्हात न्हाईत त्यांना काढनार हायत. त्यांनी काढायच्या आत तू निघ.’’

आप्पांचा मेसेज माझ्यात होताच. ‘गल्लीत न राहणाऱ्यांनी आज संध्याकाळी सहापर्यंत ग्रुप सोडावा. नाहीतर मी काढीन.’ या एकाच मेसेजला गिताबाईंनी गुलाब दिला नव्हता. मी पाट्यावर टेकून त्यांच्याकडे बघत होतो. त्या शेंगा फोडत होत्या आणि दाणे टरफलांत टाकत होत्या. बारा दारं एका दिवसात बंद होणार, याचं दुःख त्यांना झालं आणि ते मला दिसलं. खोटं कशाला सांगू, मलाही झालं.

पाच वाजता त्यांनी मला उचललं. सुलक्षणा बोलून मेसेज पाठवायची, तसा पाठवायला कुठलं चित्र दाबायचं, हे सकाळच्या फोनवर विक्रमला विचारून घेतलं होतं. ते दाबून धरून त्या बोलल्या.

‘‘हॅलो. मी विक्रम न्हाई. त्याची आई हाय मी, गिताबाई. त्यो गेला चाकणला, मोबाइल ऱ्हायला माझ्यापाशी. मी तुमच्या गल्लीत ऱ्हात न्हाई. पाटसच्या पुढं, कारखान्याच्या रस्त्याला आमची वस्ती हाय. चारी बाजूंनी ऊस. तुमचं ऐकत बसले, चोरून ऐकल्यावानी झालं, माफी करा. आन् ती फुलं... शेजारनीची वाटी आमच्यात रिकामी धाडत न्हाईत. तुम्ही रोज काय ना काय धाडत व्हता, माझ्याकडं दुसरं काय व्हतं द्यायला? सुलक्षणा, पाणी कडकडीतच घे बरं का. समराट, गाडी सरळ लाव. आता हे बंद कसं करायचं, बाई...’’

बोट तसंच दाबलेलं राहिलं, आणि पुढे मिनिटभर नुसती उसाची सळसळ गेली.

पण गुरुवारची सुट्टी सोडली तर कारेगावची माणसं कंपनीत. पाच वाजता कोण ऐकणार? आप्पा मात्र वेळेचे पक्के. सहाच्या ठोक्याला माझ्यावर एक ओळ उमटली, ‘सर्जेराव आप्पांनी तुम्हाला काढून टाकलं.’ गिताबाईंनी ती तीनदा वाचली आणि मला देवळीत ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या मला हातात घेऊन बसल्या. मी वाजलो नाही. तिसऱ्या दिवशीही बसल्या.

बुधवारी मी वाजलो तो निराळ्याच आवाजात. सुलक्षणाचा फोन होता. ‘‘काकू, मी तुमचं बोलणं चार वेळा ऐकलं. उद्या सुट्टी हाय आमची. पत्ता सांगा.’’ आणि गुरुवारी खरोखरच ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून, न्हावरा, चौफुला अशी गावं मागे टाकत वस्तीवर आली. तिने स्टीलचा डबा पुढे केला. आत तिने स्वतः थापलेल्या चार भाकऱ्या होत्या. पाहुणे येणार म्हणून घरी थांबलेल्या आबांनी एक खाल्ली, चावत चावत विचार केला आणि म्हणाले, ‘‘झाक हाय.’’ आबांच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच. सुलक्षणाने सांगितलं, की आप्पांनी अजून ते ऐकलेलं नाही, नियम म्हणजे नियम म्हणतात. निघताना गिताबाई डबा धुऊन भरायला लागल्या, तर तिने त्यांचा हात धरला.

‘‘डबा ऱ्हाऊ द्या, काकू. मला घाई न्हाई. सावकाश आणून द्या.’’

पोरगी हुशार होती.

पुढच्या गुरुवारी गिताबाईंनी डब्यात तिळाचे लाडू भरले. रस्त्यावरच्या गुऱ्हाळावरून ताजी काकवी आणून ती एका बरणीत घेतली. मला कमरेच्या पिशवीत घातलं आणि दोन एसट्या बदलून त्या कारेगावला उतरल्या. गल्लीच्या तोंडाशीच एक गाडी आडवी उभी होती. शेजारी एक तरुण दात घासत होता.

‘‘समराट, अजून आडवीच का रे?’’

सम्राटच्या तोंडातला फेस तसाच राहिला. ‘‘आयला, फुलवाल्या काकू!’’ तो ओरडला, आणि दारं उघडू लागली. गिताबाईंना कुणाची ओळख करून द्यावी लागली नाही. दोरीवरचे कपडे पाहून त्या म्हणाल्या, ‘‘ही समृद्धी.’’ पायरीला हात टेकून उठणाऱ्या बाईला पाहून म्हणाल्या, ‘‘झुंबरबाई, गुडघं कसं हायत?’’

आप्पा खुर्चीवर ताठ बसून होते. ‘‘कोन पायजे?’’

‘‘पायजे कोन न्हाई. द्यायचंय.’’ त्यांनी काकवीची बरणी पुढे केली.

आप्पांनी बरणीकडे पाहिलं. ‘‘मला कशापायी? माझ्याकडनं कवा वाटी आली तुमच्याकडं?’’

‘‘रोज सकाळी पाणी आलं म्हणून सांगत व्हता की. आमच्या वस्तीवर सकाळी मला हाक मारणारं दुसरं कोन हाय?’’

मग झुंबरबाईंनी बरणी उचलली आणि आत जाता जाता म्हणाल्या, ‘‘ही बरणी आता मिळायची न्हाई. पुढल्या बारीला या, तवा बगू.’’

‘‘आना तो मोबाइल,’’ आप्पा म्हणाले. त्यांनी मला हातात घेतलं, आणि मित्रांनो, सांगायला लाज वाटते, नेमका तेव्हाच मी बंद पडलो. आप्पांनी मला स्वतःच्या चार्जरला लावलं. पिन घसरत होती, म्हणून ती कलती धरून ते दहा मिनिटं भिंतीपाशी उभे राहिले. मी जागा झालो तेव्हा त्यांनी आधी माझ्यावरचं विक्रमचं नाव पुसलं आणि लिहिलं, ‘गिताबाई’. मग ग्रुपमध्ये घेतलं. गल्लीत राहणाऱ्यांचाच ग्रुप हा नियम त्यांनी अजून मोडलेला नाही. यादीत बारा खोल्यांच्या खाली त्यांनी तेरावी लिहिली आहे, एवढंच.

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा सोबती नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा जुना मोबाइल आईकडे, आजीकडे जाईल. द्यायला हरकत नाही. पण देताना पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा. तुमचं नाव पुसा आणि त्यांचं घाला. आणि ओट्यावर कुणाचा डबा पडून असेल, तर तो भरा आणि स्वतः नेऊन द्या.

आता बोलणं पुरे. गिताबाई मला हातात घेऊन अंगणात बसल्या आहेत. सहा वाजत आले. आमच्या गल्लीला पाणी यायची वेळ झाली.